तुझी उजवी का माझी?

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर मुळीच नाही. गुरुपाद अण्णांनी माणसाच्या डाव्या-उजव्या वळणाविषयी जो महान सिद्धान्त मांडला, आणि जो ऐकवून त्यांनी निम्म्या शाहूपुरीला पळवून लावलं, त्या सिद्धान्ताचा पाया म्हणजे माझा उजवा हात होता. तो हात मी एका दुपारी वर केला. अण्णांनी पुढची सगळी वर्षं त्याचं कारण माणसाच्या स्वभावात शोधलं. शोधायला बसायचे ते माझ्याच दुकानाच्या पायरीवर.

"माणूस मुळात डाव्या वळणाचा हाय," ते म्हणायचे. "उजवीकडं त्याला वळवावं लागतंय."

मी मान डोलवायचो. चहा सांगायचो.

अण्णा मोटार चालवायला शिकवायचे. आमच्या तिकटीवरून, म्हणजे तीन रस्ते मिळतात तिथून, उजव्या हाताच्या गल्लीत त्यांचं घर, आणि घराच्याच खालच्या खोलीत ड्रायव्हिंग स्कूल. घराणं सीमेकडचं. घरात कानडी, रस्त्यावर मराठी, आणि गाडीत जी आधी तोंडात येईल ती. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, बुशशर्टाच्या आत गळ्यात लिंगाची चांदीची करंडी, आणि आवाज असा की शिकाऊ माणसाला हॉर्न वाजवायची गरजच पडू नये. त्यांच्या पांढऱ्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखाली दुसरा ब्रेक होता. त्या ब्रेकवर त्यांची देवाइतकीच श्रद्धा होती. फरक एवढाच, की देवाला ते लाथ मारत नसत.

घाईच्या प्रसंगी कानडी आधी बाहेर पडे, आणि त्यातून घोटाळे होत. पेठ वडगावचे एक मुख्याध्यापक शिकायला यायचे. नीटनेटके गृहस्थ, गाडीत बसतानासुद्धा आधी बाक झटकल्यासारखी सीट झटकायचे. एकदा समोरून ट्रक आला आणि अण्णा ओरडले, "यडक्क! गुरुजी, यडक्क!"

गुरुजींनी भर रस्त्यात गाडी उभी केली, चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "हे बघा, मी मुख्याध्यापक आहे. मला येडं म्हणायचं काम नाही."

"अवो, येडं न्हवं, यडक्क! कानडी हाय. यडक्क म्हंजे डावीकडं."

"आणि उजवीकडं?"

"बलक्क."

गुरुजींनी ट्रकवाल्याच्या शिव्या ऐकत शांतपणे विचार केला. "म्हणजे डावं ते येडं आणि उजवं ते बळ?"

"आता कसं बराबर शिकलासा," अण्णा म्हणाले.

गुरुजींनी विनोद केला होता. अण्णांनी त्याचं तत्त्वज्ञान केलं. आपल्याकडं गाडी डाव्या बाजूनं चालवायची, त्यामुळं डावीकडं वळायला काही लागत नाही. रस्त्याच्या कडेला चिकटून राहायचं आणि कड वळेल तसं वळायचं. उजवीकडं वळायचं म्हणजे समोरून येणारी सगळी वाहतूक ओलांडायची. अण्णा प्रत्येक नव्या शिकाऊ माणसाला पहिल्या दिवशी हे ऐकवायचे: "डावीकडं काय, म्हस बी वळती. उजवीकडं वळायचं तर समोरच्याच्या डोळ्यात बघावं लागतंय. त्येला कळाय पायजे की हा गडी आता येनार. आणि तुला बी कळाय पायजे की तू येनार."

हे न कळलेले एक सद्गृहस्थ राधानगरीकडचे, कुठल्याशा दूध संस्थेचे चेअरमन होते. गावात त्यांच्या शब्दाबाहेर म्हैससुद्धा नव्हती. पण उजवं वळण आलं की चेअरमनांचे हात स्टिअरिंगवर गोठायचे. शेवटी त्यांनी स्वतःचा मार्ग काढला. उजवीकडं जायचं असलं की सरळ पुढं जायचं, डावीकडं वळायचं, पुन्हा डावीकडं, पुन्हा डावीकडं, की आपण हवं तिथं. ह्या पद्धतीनं ते शाहूपुरीतून शेजारच्या पेठेत जायला निघत आणि वाटेत निम्मं कोल्हापूर बघत.

"चेअरमनसाहेब, उजवीकडं वळा की एकदा," अण्णा काकुळतीला यायचे.

"तीन डावी म्हंजे एक उजवं. हिशेब जुळतोय का न्हाई?"

"जुळतोय. पन जेवान गार होतंय."

चेअरमन ह्याच पद्धतीनं पुढं राजकारणात फार वर गेले असं ऐकतो. मला नवल वाटलं नाही.

माझा फोटो स्टुडिओ तिकटीच्या बरोबर डोक्यावर. स्टेशनकडून सरळ आलं की समोर मी. तिथून येणाऱ्याच्या उजव्या हाताला अण्णांची गल्ली, डाव्या हाताला गुळाच्या व्यापाऱ्यांची. लायसनला फोटो लागायचा, त्यामुळं अण्णांची सगळी शिकाऊ मंडळी माझ्याकडं यायची. आमच्या धंद्यात एक प्रश्न दिवसभर ऐकावा लागतो. मी म्हणायचो, "जरा उजवीकडं मान करा," आणि समोरचा माणूस विचारायचा, "तुमची उजवी का माझी?" आपण समोरासमोर, म्हणजे माझी उजवी ती त्याची डावी. माझं उत्तर ठरलेलं होतं, "तुमची. इथं नेहमी समोरच्याचीच." फोटोवाल्याची निम्मी अक्कल ह्यातच खर्च होते. कुणालाही काही दाखवताना माझा हात आपोआप समोरच्याच्या बाजूनं उठायचा. तेवढं एक काम मला खात्रीनं येत होतं. हे ध्यानात ठेवा, कारण पुढं मला ह्याच सबबीमागं लपायचं आहे.

मंडळींना घेऊन यायची गिरिजा. अण्णांची मुलगी. बी. कॉम. झालेली, ऑफिस सांभाळायची, बायकांना गाडी शिकवायची, आणि अण्णांपेक्षा चांगली चालवायची, हे अण्णा सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

"ह्यांचा फोटो काढा," ती दारातूनच सांगायची. "आणि मिटलेल्या डोळ्यांचा देऊ नका. मागच्या काकूंना लायसनच्या हपिसात विचारलं, गाडी झोपंत चालवता काय म्हणून."

"त्यांनी डोळे मिटले, त्याला मी काय करू?"

"उघडायची वाट बघायची. वाट बघणं तुम्हांला जमतंय की."

तिनं हे कशावरून म्हटलं असेल ह्याचा विचार मी रात्ररात्र केला. विचारलं मात्र नाही. मी वडगावकडचा मराठा, ती लिंगायत, आणि वर अण्णांचा आवाज. अशी कारणं मी फोटोसारखी ओळीनं वाळत घातली होती. अण्णांनी मला गाडी शिकवली तेव्हाच त्यांचं निदान पक्कं झालं होतं. "फोटोवाल्या, तू समोरची गाडी जाऊ देतोस, तिच्या मागची जाऊ देतोस. तुला वळायला मोकळा रस्ता पायजे. आरं, मोकळ्या रस्त्यावर कोन बी वळंल!"

मग अण्णा गिरिजासाठी स्थळं बघायला लागले. 'पोरगी उजवायची', म्हणजे तिचं लग्न लावून द्यायचं, हा शब्द अण्णांना फार प्रिय. "बघ, भाषेलाबी कळतंय," ते म्हणायचे. "पोरगी उजवत्यात. डाववत कोन न्हाई." स्थळाला द्यायचा फोटो अर्थातच माझ्याकडं. गिरिजा मोरपंखी साडी नेसून स्टुलावर बसली, आणि मी म्हटलं, "जरा उजवीकडं."

"तुमची उजवी का माझी?"

"तुमची."

ती वळली. फोटो सुरेख आला. इतका सुरेख, की सीमेकडच्या एका गावातल्या बऱ्या घराण्यानं पत्रिकाही न बघता रविवारी येतो म्हणून कळवलं. माझ्या कलेला मिळालेली ही एवढीच दाद.

त्या रविवारी सकाळपासून अण्णांच्या घरातून खोबऱ्याचा वास येत होता. अण्णा स्वतः येऊन सांगून गेले, "पावन्यास्नी फोनवर सांगिटलंय. फोटो स्टुडिओ दिसला की बलक्क. तीनदा बलक्क म्हटलंय. तरी ध्यान ठेव." मी बरं म्हटलं. दुपारी जीप आली. पुढं भस्म लावलेले एक म्हातारे, मागं बायका, आणि खिशाला पेन लावलेला, भांग पाडलेला एक तरुण. हे कोण हे ओळखायला फोटोवाल्याची नजर नको होती. म्हाताऱ्यांनी खिडकीतून मान बाहेर काढली. सांगितलेली वाट पुन्हा एकदा विचारून घ्यायची, ही आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांची रीतच.

"पावनं, अण्णांचं घर कुठल्या अंगाला?"

मी पायरीवर उभा होतो. तोंडानं म्हणालो, "उजवीकडं." आणि हात वर केला तो माझा उजवा. त्यांचा डावा.

ऐकलेल्यापेक्षा दाखवलेलं माणसाला खरं वाटतं. जीप डावीकडं वळली.

नंतर कित्येक वर्षं मी स्वतःला समजावलं, की धंद्याची सवय. समोरासमोर उभं राहिलं की होतं असं. पण धंद्याची सवय नेमकी उलटी होती. दिवसभर परक्यांची उजवी ओळखणारा माणूस त्या एका क्षणी चुकला नाही. मला गिरिजा हवी होती असं म्हणण्याइतकंही धाडस माझ्यात नव्हतं. ती दुसरीकडं जाऊ नये, एवढंच हवं होतं. वाटलं, पाहुणे अर्धा तास भटकतील, चिडतील, जेवण गार होईल, स्थळ बिनसेल. माझा बेत एवढाच क्षुद्र होता.

पण डावीकडच्या गल्लीत गुळाचे व्यापारी मलाप्पा अण्णा राहत. आमच्या भागात हीच अडचण आहे, दर तिसऱ्या घरात एक अण्णा. पाहुण्यांनी गल्लीत "अण्णांचं घर?" विचारलं, लोकांनी भस्माचे पट्टे बघून मलाप्पा अण्णांचं दार दाखवलं. आणि दारात आलेल्या पाहुण्याला "का आलात?" असं विचारायची रीत आपल्यात नाही. आधी पाणी, मग पोहे, मग चहा, मग पाऊसपाणी. मलाप्पा अण्णांना वाटलं बायकोच्या माहेरचे कुणी असतील. बायकोला वाटलं गुळाची गिऱ्हाइकं असतील. चहा घेऊन त्यांची मुलगी बाहेर आली. पाहुण्यांना ती फोटोतल्यापेक्षा वेगळी वाटली, पण फोटोवाले काय वाटेल ते करतात हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. म्हाताऱ्यांनी तिला नाव विचारलं, शिक्षण विचारलं, चालून दाखवायला सांगितलं, तेव्हा कुठं मलाप्पा अण्णांच्या डोक्यात उजेड पडला. तोवर मुलानं मान डोलवली होती.

"चूक झाली म्हणायची," मलाप्पा अण्णा म्हणाले.

"चूक कसली?" म्हातारे म्हणाले. "बलक्क सांगितलं असताना पाय यडक्क वळले. शिवाच्या मनात हे होतं."

शिव हजर असताना एका फोटोवाल्याला श्रेय कोण देणार? पायरीवरचा माणूस त्या गोष्टीतून त्याच बैठकीत गळून पडला. "आपोआप वळलो," असंच सगळे सांगू लागले. त्या लग्नाचे फोटोही मीच काढले. पैसे चोख मिळाले.

इकडं अण्णा संध्याकाळपर्यंत दारात उभे होते. खबर कळली तेव्हा मला वाटलं, आता ते जाऊन कुणाची तरी गचांडी धरणार. ते माझ्याकडं आले, पायरीवर बसले आणि बराच वेळ तिकटीकडं बघत राहिले.

"तीनदा बलक्क म्हटलं होतं रं. मग वळले कसे?"

मी चहा सांगितला.

"तू हितंच होतास न्हवं? काय दिसलं?"

"गिऱ्हाईक होतं अण्णा. आत होतो."

इथून संशोधन सुरू झालं. रोज शिकवणी संपली की अण्णा पायरीवर येत आणि स्टेशनकडून येणारी माणसं कुठं वळतात ते बघत. रिकाम्या हाताचा माणूस डावीकडं. पिशवीवाला ज्या हातात पिशवी त्या बाजूला. भांडून निघालेलं जोडपं असेल तर नवरा डावीकडं आणि बायको सरळ, म्हणजे माझ्या दुकानात. "देवळात बघ," ते म्हणायचे, "बाकीच्या देवांना उजवीनं पुरा फेरा. आमच्या शिवाला पन्हाळीपतोर जायचं आनि माघारी फिरायचं. देवालाबी ठाव हाय, मानसाचा काय भरवसा न्हाई."

त्यांच्या सिद्धान्तावर विश्वास ठेवणारा जगात एकच माणूस निघाला, तो म्हणजे उजव्या कोपऱ्यावरचा चहावाला इब्राहिम. सगळी दुनिया डावीकडं वळते हे ऐकून त्यानं गाडा डाव्या कोपऱ्यावर हलवला. आठवडाभरात धंदा बसला. तावातावानं तो अण्णांना म्हणाला, "अण्णा, लोक वळत्यात, पर नाक धरून पळत्यात. तिकडं गटार हाय!"

अण्णांनी जागा पाहिली. "सिद्धान्त बराबर हाय," ते म्हणाले. "गटार चुकलंय."

लोक हसायचे. मीही हसायचो, माझं हसणं सगळ्यांत मोठं असायचं. पण अण्णा तिकटीवर काय शोधत होते हे मला कळत होतं. आपल्या मुलीत काही कमी नव्हतं, पाहुणे तिला नाकारून गेले नव्हते, माणसाची जातच तशी वळते, एवढं त्यांना सिद्ध करायचं होतं. कारण गावानं दुसराच सिद्धान्त काढला होता. दारापर्यंत आलेले पाहुणे शिवानं वळवले, म्हणजे त्या घरात काहीतरी असणार. पुढची स्थळं चौकशी करायची आणि थांबायची. उजवणं ह्या शब्दाच्या समोरचा शब्द मराठीत नाही असं अण्णा म्हणायचे, ते चूक होतं. आहे: डावलणं. ते मी केलं होतं.

ह्या काळात मला एक सोपा रस्ता होता. रस्ता ओलांडून उजवीकडच्या गल्लीत जायचं आणि बोलायचं. मी समोरची गाडी जाऊ दिली, तिच्या मागची जाऊ दिली. मग वडिलांनी वडगावची मुलगी पसंत केली आणि मी कडेकडेनं वळलो. अक्षता टाकायला अण्णा आले होते. गिरिजाही आली होती. फोटो दुसऱ्यानं काढले. तिचे डोळे उघडे आहेत, माझे मिटलेले.

गिरिजाचं लग्न झालं नाही. त्यावर कुणी हळहळलं तर ती गाडीची किल्ली फिरवत विचारायची, "शिकायला आलाय का नुसतंच बसायला?" स्कूल तिनं वाढवलं, गाड्या घेतल्या, बायकांची वेगळी बॅच काढली. ती दुःखी आहे असं म्हणून माझ्या पापाला वजन द्यायचा मला अधिकार नाही. ती आहे तशी चांगली आहे. निवडायची संधी मात्र तिची होती, आणि हात माझा होता.

दोन हजार सालानंतर केव्हातरी अण्णांना कमी दिसू लागलं. गिरिजानं त्यांच्या पायाखालचा ब्रेक काढून घेतला. तरी लायसन नवं करायचं म्हणून एका दुपारी ते एकटेच स्टुडिओत आले. अंगात इस्त्रीचा बुशशर्ट, कपाळावर ताजे पट्टे.

"डॉक्टर सही करंल का अण्णा?"

"न्हाई करनार. फोटो तरी असूं दे की."

ते स्टुलावर बसले. त्याच स्टुलावर. मी कॅमेऱ्यामागं गेलो. मान थोडी कललेली होती, म्हणून सवयीनं म्हणालो, "अण्णा, जरा उजवीकडं."

ते हलले नाहीत. कमी दिसणाऱ्या डोळ्यांनी सरळ माझ्याकडं बघत राहिले.

"तुझी उजवी का माझी?"

"तुमची, अण्णा. इथं नेहमी समोरच्याचीच."

"नेहमी?"

बाहेर एक रिक्षा गेली. तिच्या मागची गेली. अण्णा थांबले होते. शिकाऊ माणसाला रस्ता मोकळा करून देऊन शिकवणारा थांबतो तसे. एवढी मोकळी जागा मला आयुष्यात पुन्हा मिळाली नाही.

"नेहमी," मी म्हणालो, आणि बटण दाबलं.

त्यांनी मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. काठी घेतली, पायरी उतरले आणि तिकटीच्या मधोमध उभे राहिले. गाड्यांकडं तोंड करून एक हात वर केला. सगळी वाहतूक थांबवली, आणि आपल्या गल्लीत वळले. कुठल्या हाताला ते विचारू नका. तुम्ही कुठं उभे आहात त्यावर आहे.

तोच फोटो मोठा करून आता स्कूलच्या भिंतीवर लावलाय. अण्णा अजूनही थेट बघत असतात. खाली टेबलाशी गिरिजा बसते, आणि फोटोसाठी माणसं अजून माझ्याकडंच पाठवते.

त्यांना ठाऊक होतं का, ते मला सांगता येणार नाही. विचारायची वेळ गेली. अण्णांचं देणं तसंच राहिलं. गिरिजाचं फेडता येईल. मी तिला एवढं सांगणं लागतो: त्या रविवारी पाहुण्यांना उजवीकडं म्हणून डावीकडं मी पाठवलं, आणि ते चुकून नव्हतं. ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.